काळं ऑइल

गॅरेजात शिरताना माणसं ज्याच्यापासून अंग चोरून चालतात, ते हे. कोपऱ्यात पत्र्याच्या घमेल्यात पडलेलं असतं. आवाज नाही, हालचाल नाही. छपराला टांगलेली ट्यूबलाइट त्यात उलटी दिसते इतकं निवांत. पांढरी पँट घातलेलं गिऱ्हाईक त्याला बघून दोन पावलं मागं सरतं, आणि बरोबर पोर असेल तर आधी त्याचा दंड धरतं. एवढी खबरदारी घेऊनही ते कुठं ना कुठं लागतंच. बाहीला, रुमालाला, नाहीतर कोपराच्या मागं, जिथं ते दुसऱ्या दिवशी ऑफिसातला दुसराच कुणीतरी दाखवून देतो. साबणानं धुवायला जावं तर वडी काळी होते आणि हात तसाच राहतो. एखाद्याची चारचौघांत शोभा करायची झाली की आपल्याकडे तोंडाला काळं फासतात, आणि मोर्चाच्या गडबडीत शाई आणायची राहिली तर ह्याचाच डबा पुढं येतो. समाजात ह्याची पत ही अशी.

माझं ह्याच्याशी बरं जमतं. ओळख झाली ती जुन्या बुलेटमुळं. जुनी म्हणजे कास्ट आयर्न इंजिनाची, गिअर उजव्या पायाला असलेली, साडेतीनशेची. १९५५ साली मद्रास मोटर्सनं इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डशी करार करून ही गाडी आपल्याकडे जोडायला घेतली. त्याआधीच लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी तिला पसंत केलं होतं. पुढं रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासजवळचा तिरुवोट्टियूरचा चालू राहिला, आणि जवळजवळ तेच इंजिन ह्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तिथून बाहेर पडत होतं. ते डिझाइन ज्यांनी केलं ते इंजिनिअर केव्हाच निवृत्त झाले; त्यांच्या इंजिनातलं ऑइल मात्र आम्ही कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गॅरेजात अजून बदलतो आहोत.

डब्यातून निघतं तेव्हा हे देखणं असतं. सोनेरी, पारदर्शक, उन्हात धरलं तर पलीकडचा माणूस दिसेल असं. नरसाळ्यातून इंजिनात उतरताना त्याची धार मधे कुठंही तुटत नाही. हे वय फार टिकत नाही, पण जाहिरातवाल्यांना एवढंच पुरतं. ऑइलची जी काही चित्रं आपण बघतो ती सगळी ह्या दोन मिनिटांतली. त्यानंतरच्या तीन हजार किलोमीटरचा फोटो कुणी काढत नाही.

घराणं तसं मोठं. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल अशी हलकी मंडळी निघून गेली की तळाशी जे जडसं उरतं, ते निर्वात मनोऱ्यात पुन्हा उकळून, त्यातलं मेण काढून हे तयार होतं. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमची जी रिफायनरी आहे, ती वंगणतेलाच्या बाबतीत देशातली सर्वांत मोठी. नुसतं एवढं मात्र इंजिनात टिकत नाही. त्यात औषधं मिसळावी लागतात: घाण सोडवणारं एक, सोडवलेली घाण तरंगत ठेवणारं एक, आम्ल मारणारं एक, फेस येऊ न देणारं एक, आणि जस्त-फॉस्फरसचं एक, जे दाब वाढला की धातूवर पातळ थर धरतं आणि धातूच्या आधी आपण झिजतं. शिवाय लांबलचक रेणूंचं एक रसायन असतं, त्याच्यामुळं तेल तापलं तरी फार पातळ होत नाही. डब्यावर ‘२०डब्ल्यू-५०’ लिहितात ते त्याच्या जिवावर. थंडीत वीस नंबरच्या तेलाइतकं वाहायचं आणि शंभर अंशाला पन्नास नंबरइतकं दाट राहायचं, असा दुहेरी शब्द त्यानं दिलेला असतो. डब्ल्यू हा विंटरचा. आमच्या गावात त्या विंटरला फारसं काम नाही. पन्नासला आहे, एप्रिलात कात्रजचा घाट चढताना त्याची परीक्षा होते.

आत गेल्यावर त्याला काय करावं लागतं ते एकदा आकड्यात बघावं. ह्या इंजिनाच्या पिस्टनचा व्यास सत्तर मिलिमीटर आणि धाव नव्वद. मिनिटाला तीन हजार फेरे असताना तो सेकंदाला सरासरी नऊ मीटर धावतो, आणि त्याच एका सेकंदात शंभर वेळा थांबून उलटा फिरतो. पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे फक्त हे असतं, केसापेक्षा कितीतरी पातळ थर होऊन. ते तिथं नसेल तर काय होतं हे ज्यानं एकदा ऐकलंय तो विसरत नाही: आधी किणकिण, मग एक कोरडी कर्कश किंचाळी, आणि मागचं चाक जागच्या जागी धरतं. शिवाय ह्या गाडीला रेडिएटर नाही. वाऱ्यानं जेवढं गार होईल तेवढं. उरलेली उष्णता अंगावर घेऊन हे सिलिंडरवरून खाली उतरतं, टाकीत जाऊन टेकतं आणि लगेच पुन्हा वर पाठवलं जातं. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला जुन्या बुलेटमध्ये रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश असायचं, म्हणजे क्रँकपिन आणि रॉड ह्या दोघांच्या मधे मोकळं फिरणारं एक कडं. त्याच्या आतही तेल, बाहेरही तेल. त्या कड्याचं आयुष्य सर्वस्वी ह्याच्यावर. तेल कमी पडलं किंवा गाळ आला की पहिला आवाज तिथून येतो आणि मिस्त्री म्हणतात, “मोठं काम निघालं बघा.”

आणि हे सगळं करता करता ते काळं होतं.

काळं का होतं ह्याबद्दल लोकांच्या मनात एकच उत्तर असतं: खराब झालं. पेट्रोलपंपावर गाडीतलं ऑइल बघून “बदलून टाका साहेब, काळं पडलंय” म्हणणारा पोरगा त्याच उत्तरावर कमिशन मिळवतो. आमच्या मिस्त्रींचं म्हणणं वेगळं आहे. मागं एकदा एक नवखा बुलेटवाला गॅरेजात आला. दोनशे किलोमीटरसुद्धा झाले नाहीत आणि ऑइल काळं कसं, म्हणून दुकानदारावर चिडला होता. मिस्त्रींनी हातातलं काम न थांबवता त्याला सांगितलं, “काळंच व्हाय पायजे. पिवळं ऱ्हायलं तर घाण गेली कुठं? आतच बसली न्हवं?”

ह्या उत्तरात रसायनशास्त्र पुरेपूर आहे. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा जळका वायू प्रत्येक स्फोटाला खाली क्रँककेसमध्ये शिरतोच. नव्या गाडीत कमी, जुन्या गाडीत अंमळ जास्त. त्याच्याबरोबर काजळी येते. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागं जवळपास लिटरभर. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थंड इंजिनात थोडं खाली उतरून तेलात मिसळतं. चोक ओढून सुरू केली की न जळलेलं पेट्रोलही भिंतीवरून ओघळतं. ह्या सगळ्यांची मिळून आम्लं बनतात. एवढी सगळी मंडळी आत आल्यावर त्यांना भिंतीला, रिंगांना, बेअरिंगला चिकटू न देता प्रत्येक कणाभोवती आपला थर गुंडाळून तरंगत ठेवायचं, हे ऑइलमधल्या डिटर्जंटचं काम. काजळीचे कण इतके बारीक असतात की फिल्टरच्या हाती लागत नाहीत. ते तेलातच राहतात आणि तेल काळं दिसतं. पूर्वी डिटर्जंट नसलेली तेलं वापरायचे, ती जास्त दिवस स्वच्छ दिसत, कारण घाण खाली बसून डांबरासारखा गाळ व्हायचा. अशा जुन्या गाळाच्या इंजिनात एकदम नव्या जातीचं ऑइल घातलं की ते इमानदारीनं वर्षानुवर्षांचा गाळ सोडवायला घेतं, तो जाऊन फिल्टरमध्ये अडकतो आणि मालक म्हणतो, चांगलं महागाचं ऑइल घातलं आणि इंजिन गेलं! रंगावरून लग्नं जमवणाऱ्या देशात ह्या प्राण्याला न्याय मिळणं अवघडच.

ऑइल बदलायच्या दिवशी मिस्त्री आधी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणायला लावतात. गार इंजिनातलं ऑइल काढलं तर चांगलं तेल बाहेर येतं आणि घाण आत बसून राहते. गरम असताना सगळे एकत्र निघतात. मग गाडी डबल स्टँडवर, खाली घमेलं. ह्या इंजिनाची तब्येत इतरांपेक्षा निराळी आहे: ड्राय संप. म्हणजे तेल क्रँकच्या खाली साठत नाही. क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला त्याची वेगळी टाकी केलेली आहे. एक पंप तिथून तेल पुढं पाठवतो, दुसरा वापरलेलं परत आणून टाकतो. म्हणून नटही एकाहून जास्त खोलावे लागतात, टाकीचा वेगळा, क्रँककेसचा वेगळा. ज्याला हे माहीत नाही तो एकच खोलतो, थोडं ऑइल येतं, त्याला वाटतं गाडीनं बाकीचं खाल्लं.

नट सुटायचं काम नीट बघण्यासारखं असतं. पहिला अर्धा फेरा बॉक्स पान्यानं, जोर लावून. पुढचे बोटांनी. शेवटचा आटा सुटायच्या बेतात आला की मिस्त्री नट वर दाबून धरतात, तसाच फिरवतात आणि मग एका झटक्यात हात बाजूला घेतात. तरीही नट घमेल्यात पडतो. तो त्यांचा नेहमीच पडतो, आणि त्यासाठी दोऱ्याला बांधलेलं स्पीकरचं लोहचुंबक खिळ्याला टांगून ठेवलेलं आहे. ऑइल आधी मनगटाला पोचेल असं फर्रकन येतं, मग एका बाजूला झुकून सरळ होतं, बारीक होतं. बारीक धार बराच वेळ चालते आणि थेंब त्याहून बराच वेळ. इथं घाई करणाऱ्याला गॅरेजात मान नाही. तेवढ्यात चहा येतो. नटाखालचा तांब्याचा वायसर मिस्त्री गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकतात. दाबून दाबून कडक झालेलं तांबं त्यानं पुन्हा मऊ होतं आणि नीट बसतं. नवा वायसर काही रुपयांत मिळतो. पण ह्या दोन मिनिटांच्या कामात मिस्त्रींना जो आनंद होतो तो दुकानात मिळत नाही.

मग फिल्टर. इंजिनाच्या उजव्या अंगाला, टायमिंग कव्हरच्या खालच्या भागात एक आडवी नळीसारखी जागा असते. तिचं झाकण काढलं की आधी स्प्रिंग, मग वायसर, आणि मग तो स्वतः: लोखंडी जाळीवर चढवलेला फेल्टचा, म्हणजे जाड नमद्याचा गोल कपडा. आत गेला तेव्हा हा दुधी रंगाचा आणि हलका होता. आता काळा, जड, ओघळणारा. ऑइलचं आणि ह्याचं नातं घट्ट, पण समजूत चुकीची ठेवलेली बरी नव्हे. ऑइल काजळी सांभाळतं, हा फक्त खडे-माती-चुरा अडवतो. जुने लोक तो पेट्रोलमध्ये धुऊन पुन्हा बसवत. किंमत बघता त्यात काही अर्थ नाही: धुतलेल्या फेल्टचे धागे सुटतात, आणि सुटलेला धागा पुढं थेट त्या फ्लोटिंग बुशाच्या वाटेला लागतो.

मिस्त्री जुना फिल्टर टाकून देत नाहीत. ब्लेडनं उभा फाडतात, वर्तमानपत्रावर पसरतात आणि पेपर उन्हात धरून तिरपा-तिरपा फिरवतात. ऑइलचा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात. वास घेतात. हा वेळ कुणी बोलायचं नसतं. जुन्या इंजिनाचा सातबारा ह्या दोन गोष्टींत असतो. पिवळी चमक दिसली की पितळी-काशाचं बुश झिजतंय. पांढरी चमक आणि चुंबकाला न लागणारी, तर ॲल्युमिनियम. पिस्टन बघावा लागेल. चुंबकाला केसाळ भुकटी लागली तर पोलाद, गिअर नाहीतर कॅम. भुकटी असेल तर वयोमानानं, पापुद्रे असतील तर गाडी आजच खोला. बोटाला कचकच लागली म्हणजे एअर फिल्टरनं आपली हद्द सोडलेली आहे आणि रस्त्याची धूळ आत वहिवाट करते आहे. पेट्रोलचा उग्र वास आला तर कार्बोरेटरचा फ्लोट गळतो. टोपणाच्या आत कॉफीच्या रंगाचा लिबलिबीत फेस असेल तर पाणी. इतर हक्कातली नोंद, पण दुर्लक्ष करू नये अशी. मालक काय सांगतो, गाडी कशी ‘एकदम मेंटेन’ आहे, हे मिस्त्री ऐकून घेतात. खरं काय ते पेपरवर पसरलेलं असतं.

नवा फिल्टर बसवताना वायसरांचा क्रम चुकला तर तेल फिल्टरला वळसा घालून पुढं जातं आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून काढतानाच मिस्त्री सगळे भाग फरशीवर एका रांगेत मांडतात. सव्वादोन लिटरची टाकी म्हणतात, पण कानाकोपऱ्यात जुनं थोडं राहतंच, म्हणून बेतानं ओतायचं. मग डिकॉम्प्रेसर ओढून नुसत्या किका मारायच्या, गाडी सुरू न करता, म्हणजे पंप कोरड्या फिल्टरची जागा तेलानं भरून घेतो. त्यानंतर सुरू करून रॉकरकडे जाणाऱ्या पाइपचा बोल्ट हळूच सैल करायचा. तिथं तेल ओथंबलं की ते डोक्यापर्यंत पोचलं. ह्या गाडीला ऑइलचा दिवा नाही, काटा नाही. तो सैल केलेला बोल्ट हीच खात्री.

ह्याचे काही गुण सोसून घ्यावे लागतात. लपणं हा एक. बुलेट पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या फटीतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरून बसतं. मालक टोपण काढून पट्टी बघतो: ऑइल खाली! तो घाबरून अर्धा लिटर ओततो. मग गाडी सुरू होते, दुसरा पंप खालचं सगळं ऑइल वर आणतो, टाकी ओसंडते आणि जास्तीचं तेल ब्रीदरच्या नळीतून मागच्या चाकापर्यंत सगळीकडे पसरतं. सायलेन्सरमधून निळा धूर निघतो तो वेगळा. “रिंगा गेल्या” म्हणून इंजिन खोलायला आलेल्या गाड्या मिस्त्रींनी तशाच परत पाठवल्याचं मी बघितलंय. पट्टी बघायची ती गाडी थोडी फिरवून आणल्यावर, इतकंच त्यांनी सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत.

दुसरा गुण गळण्याचा. कास्ट आयर्न बुलेटच्या खाली डाग नसेल तर आत ऑइलच नाही, हा विनोद सगळ्या बुलेटवाल्यांना पाठ असतो आणि प्रत्येक जण तो आपणच केल्यासारखा सांगतो. त्यावर उपाय म्हणून महागाचं पूर्ण सिंथेटिक ऑइल घालणारे लोक आहेत. ते तेल उत्तमच असतं, पण जुन्या कॉर्क-फेल्टच्या सीलमधून ते आणखी सहज वाट काढतं. माझं मत विचाराल तर ह्या इंजिनाला साधं मिनरल ट्वेंटी-फिफ्टी वेळच्या वेळी बदललेलं बरं. तिप्पट किमतीचं घालून तिप्पट दिवस ठेवलेलं बरं नाही. क्लचचीही इथं अडचण नाही, कारण जुन्या बुलेटमध्ये क्लचचं तेल वेगळ्या कप्प्यात असतं. आजच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात पोहतात, म्हणून त्यांना डब्यावर ‘जासो एमए’ बघून घ्यावं लागतं. घर्षण कमी करणारं मोटारीचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो.

पूर्वजांचं थोडं सांगायला हवं. पेट्रोलियमच्या आधी आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल लागायचं, आणि सुरुवातीच्या इंजिनांनीही तेच पत्करलं. चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीनं १९०९ मध्ये एरंडेल मिसळून जे वंगण काढलं, ते कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेलावर चालत आणि वापरलेलं तेल परत न घेता हवेत फेकत. मागं बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात ते जायचं. त्याचा पोटावर व्हायचा तोच परिणाम होत असे, असं सांगतात. आपल्याकडच्या आज्यांना हे ऐकून नवल वाटलं नसतं. मराठी शेतकऱ्याची काळ्या ऑइलशी खरी सलगी झाली ती विहिरीवरच्या डिझेल इंजिनामुळं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात उभी राहिली आणि पुढं गावोगाव मळ्यातून तो टुकटुक आवाज येऊ लागला. डिझेलचं ऑइल तर काही तासांतच काळं होतं. तिथून ते घराघरात शिरलं, आणि एकदा शिरल्यावर कुणी टाकून द्यायला तयार होईना.

इंजिनातून बाहेर पडल्यावरही ह्याला सुट्टी मिळत नाही. स्लॅबच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. वाशांना, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात. फाटकाच्या बिजागरीला, रहाटाला, ट्रॅक्टरच्या नांगराला घालतात. ह्यातलं काही चालून जातं, काही जाऊ नये. खरूज झालेल्या कुत्र्याच्या अंगाला हे चोपडायची रीत तर सरळ क्रूर आहे. त्यातली विषं कातडीतून आत जातात, शिवाय ते जनावर स्वतःला चाटतं. खरजेवर औषध आहे, पशुवैद्याकडे मिळतं आणि महाग नाही. मुळात हे ऑइल ज्या अवस्थेत इंजिनातून निघतं तिच्यात शिसं, जस्त, जळक्या पेट्रोलातली कर्करोगकारक रसायनं असं बरंच काही असतं. ह्याचा स्वभाव वाईट नाही. संगत वाईट लागली आहे. बागेत ओतलं तर तिथं गवत उगवत नाही. गटारात ओतलं तर पावसाळ्यात रस्त्यावर मोरपंखी तवंग दिसतो. आमच्याकडे गटार म्हणजे जयंती नाला आणि जयंती नाला म्हणजे पंचगंगा.

आणि तेल म्हणून हे मेलेलंही नसतं. औषधं संपलेली असतात, घाण भरलेली असते. मूळ तेल बरंचसं शाबूत असतं. पाणी काढून, निर्वात उकळून, शुद्ध करून त्याचं पुन्हा बेस ऑइल करता येतं आणि त्यात नवी औषधं घातली की ते परत डब्यात बसतं, पुन्हा सोनेरी. केंद्र सरकारनं वापरलेल्या तेलाची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून ते बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. ठरलेलं प्रमाण नोंदणीकृत कारखान्यांतून पुन्हा शुद्ध करवून घ्यायचं, असा नियम. नियम कागदावर नीट आहे. पण तो पुरा व्हायचा तर ऑइल आधी गॅरेजच्या ड्रममध्ये साठायला हवं, आणि ते ड्रम कुणीतरी ढाब्याच्या भट्टीला किंवा भेसळवाल्याला विकायच्या आत योग्य गाडीत चढायला हवेत. आमच्या मिस्त्रींचा ड्रम भरतो. तो उचलायला येणाऱ्याकडे पावतीपुस्तक असतं का, हे मी आता विचारायला लागलोय. सुरुवातीला ते हसायचे. हल्ली ते स्वतःच पावती मागून घेतात.

तुम्हीही एवढं करा. ऑइल बदलायला गेलात की शेजारी उभे राहा, नवा डबा सीलबंद आहे का बघा आणि रिकामा झाला की त्याला खिळ्यानं भोक पाडा. नकली ऑइल भरणाऱ्यांना तोच डबा हवा असतो. जुना फिल्टर रात्रभर घमेल्यावर निथळू द्या. घरी ऑइल काढलं असेल तर झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, पाणी किंवा रॉकेल त्यात मिसळू नका. आणि जुनी गाडी वर्षभरात शे-दोनशे किलोमीटरच फिरली असली तरी ऑइल बदलाच. उभ्या गाडीत पावसाळ्याचं पाणी आणि आम्लं आपलं काम करतच असतात. खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूचा हार घालता, त्याच्या आदल्या रविवारी हे उरकून घ्या.